फाल्या होडी काढूची काय नाय?

(माहितीपटाचं निवेदन. मालवणीत 'फाल्या' म्हणजे उद्या.)

दृश्य : पहाट. मालवणचा किनारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं. आधी नुसता लाटांचा आवाज, मग निवेदन.

होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत सोडत अर्धवर्तुळ घेते आणि परत किनाऱ्याला लागते. मग दोन टोकांचे दोन दोर आणि दोन्हींवर ओढणारी माणसं. एक बाजू जरा पुढे गेली की पलीकडून हाक येते, कुणाचा तरी हात वर होतो आणि ही बाजू थांबते. जाळं एका अंगाला गेलं तर मासळी निसटते. कधी थांबायचं, कधी ओढायचं, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. बापाचं बघून मुलगा शिकला.

घोटाभर पाण्यात उभी राहून मोबाइलवर आवाज टिपणारी ही मुलगी जनसंज्ञापनाच्या, म्हणजे मास कम्युनिकेशनच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. डावीकडच्या दोरावर तिसरे आहेत ते तिचे बाबा. छोट्या माईकला तिने रुमाल गुंडाळलाय, कारण कालचं सगळं रेकॉर्डिंग वाऱ्याने खाल्लं होतं.

दृश्य : वर्ग. कौलारू छप्पर, खिडकीबाहेर फणस. फळ्यावर पाच शब्द.

पदवीचं नाव लांबलचक आहे : बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन. कागदावर बीएएमएमसी. गावात अजूनही बीएमएमच म्हणतात, कारण मुंबई विद्यापीठाने 2019मध्ये नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी जुनंच बसलं आहे. तीन वर्षं, सहा सत्रं. शेवटच्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात, ते ठरवायचं.

फळ्यावरचे शब्द बघा. कोण. काय. कशातून. कुणाला. आणि परिणाम काय? अमेरिकन अभ्यासक हॅरल्ड लासवेल यांनी 1948मध्ये हे पाच प्रश्न मांडले, आणि आजही संज्ञापनाचा पहिला धडा बहुतेक ठिकाणी इथूनच सुरू होतो. सरांनी आज पुस्तक उघडलेलं नाही. सकाळचं रापणीचं रेकॉर्डिंग लावलंय. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, नुसता हात वर केला तर तोही मार्गच ना?" सर काही न बोलता फळ्यावर 'कशातून'च्या पुढे एक हात काढतात.

मग नॉईज. संज्ञापनाच्या धड्यात हा शब्द आला तोही 1948च्याच एका लेखातून. क्लॉड शॅनन बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, त्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोनच्या तारा होत्या. तारेतून जाताना संदेशात जी खरखर मिसळते, ती नॉईज. या वर्गाला ती वेगळी समजावावी लागली नाही. त्यांनी ती काल दिवसभर ऐकली होती.

मी हे शिक्षण मुंबईत घेतलं. तेव्हा आमच्या तालुक्यात ते नव्हतं. सगळी पुस्तकं इंग्रजीत, उदाहरणंही तिकडचीच. 'फीडबॅक' या शब्दापाशी मी कितीतरी दिवस अडखळत होते. सुट्टीत आजीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "म्हणजे समोरच्यान हुंकार दिल्यान काय नाय, तां." परीक्षेत मी तेच लिहिलं, फक्त इंग्रजीत. म्हणून हा वर्ग मला इथेच हवा आहे, या छपराखाली, आणि याच भाषेत.

दृश्य : एसटीची खिडकी. देवगड तालुका. पोंभुर्ले गावाकडे जाणारा रस्ता.

बाळशास्त्री जांभेकर या गावचे. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. आधी पाक्षिक, पुढे साप्ताहिक. एकाच पानावर एक स्तंभ मराठी, शेजारचा इंग्रजी. मुलं स्मारकापाशी उभी राहून याच दोन स्तंभांवर वाद घालताहेत. इंग्रजी कुणासाठी? सरकारसाठी. मराठी कुणासाठी? त्या काळी वाचता तरी किती जणांना येत होतं? लासवेल यांचा चौथा प्रश्न, 'कुणाला', त्यांच्या शंभरहून अधिक वर्षं आधी या गावच्या विशीतल्या तरुणाने छापून सोडवायला घेतला होता. 6 जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन असतो. आम्ही पोहोचलो तेव्हा आवारात दुसरं कुणी नव्हतं.

दृश्य : रात्र. जत्रा. दशावताराची रंगपटाची जागा. आरसा, सफेदा, लाली, पेटारा.

हा भाग आम्ही लांब ठेवलाय. बघा.

प्रत्येक नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. आज आख्यान कुठलं, कोण राजा, कोण राक्षस, ते थोड्या वेळापूर्वी ठरलं. संवाद लिहिलेले नाहीत. पायपेटीवाला आणि मृदंगवाला नटाच्या तोंडाकडे बघत बसतात. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन. समोरचे कंटाळले की राजा भाषण आवरतो, रंगले की वाढवतो. विद्यार्थ्याने विचारलं, "लोक कंटाळले हे कळतं कसं?" साडी नेसत असलेला नट त्याच्याकडे न बघता म्हणाला, "खोकूक लागतत."

पोराने वहीत तेवढा एक शब्द लिहिला.

दृश्य : ऑक्टोबर. परतीचा पाऊस. जेटी, वर चढवलेला धोक्याचा बावटा. वर्गात मोबाइलभोवती पाच डोकी.

हवामान खात्याचं पत्रक आलंय. 'दक्षिण कोकण किनारपट्टीवर ताशी 45 ते 55 किलोमीटर, अधूनमधून ताशी 65 किलोमीटरपर्यंत वेगाने सोसाट्याचे वारे वाहण्याची शक्यता.' पत्रक बरोबर आहे. पण जेटीवर ते वाचून दाखवलं तेव्हा जाळं विणत बसलेल्या आजोबांनी मान वर न करता विचारलं, "तां सगळा ऱ्हवांदे. फाल्या होडी काढूची काय नाय, तां सांग."

त्या दुपारचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाचा : मच्छीमारांना आवाजी निरोप कसा द्यायचा. 'वादळ' म्हणायचं की 'वारो'? वादळ म्हटलं आणि ते आलं नाही, तर पुढच्या वेळी ऐकणार कोण? 'शक्यता' ठेवली तर माणूस स्वतःच्या सोयीने अर्थ लावतो. पहिला मजकूर बारा ओळींचा झाला. दुसरा सात. तिसऱ्या वेळी वारा, वेळ आणि काय करायचं, एवढंच उरलं.

2021च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलं. वीज गेली, मोबाइल बंद पडले. ही मुलं तेव्हा शाळेत होती.

आता आवाज कुणाचा? 1940च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी पॉल लाझर्सफेल्ड यांनी ओहायोतल्या एका काउंटीत मतदारांचा अभ्यास केला. रेडिओ आणि वृत्तपत्रांपेक्षा लोकांवर जास्त वजन पडत होतं ते ओळखीतल्या माणसाच्या शब्दाचं. हे टिपण मुलीच्या वहीत आहे. तिने वही मिटली आणि एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, घरी गेली.



दृश्य : तांडेलाची ओटी. बाहेर पाऊस. मुलगी माईकवरून रुमाल सोडते, पुन्हा बांधते.

पहिल्यांदा ते फार जोरात बोलले. दुसऱ्यांदा मध्येच कोंबडा आरवला. तिसऱ्यांदा तिने फक्त मान हलवली.

(तांडेलाचा आवाज) "आज रातीपासून परवां सकाळपर्यंत दर्यात वारो जोरात. होडी काढू नकात. भायर असात त्येंनी जवळच्या बंदरात येवा."

सोबत हवामान खात्याचं मूळ पत्रक जोडलं आणि निरोप गेला.

दृश्य : खाडीकडे परतणाऱ्या होड्या. किनाऱ्यावर होडी वर ओढणारी माणसं, एकमेकांना दिलेल्या हाका. निवेदन नाही. आवाज शेवटपर्यंत तसाच ठेवावा.