दंड कुणाला, भुर्दंड कुणाला?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात विजेचा विषय निघाला की गाडी जळालेल्या डीपीवर आणि रात्रीच्या पाळीवर येते. ती गाऱ्हाणी खरीच आहेत. पण आज मला तुमच्या वीजबिलातल्या एका ओळीबद्दल बोलायचंय. ‘इंधन समायोजन आकार.’ अंबाजोगाईच्या गिरणीवाल्याच्या बिलात हा आकडा कधी चढतो, कधी उतरतो. का, ते त्याला कुणी सांगत नाही.

परळीच्या औष्णिक केंद्राला कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून येतो. तो हलक्या प्रतीचा निघाला तर तेवढ्याच युनिटांसाठी जास्त जाळावा लागतो. दगड निघाले तर ते वेचायचे, आणि त्यांच्या वाहतुकीचं भाडंही आपणच भरायचं. हा वाढीव खर्च शेवटी त्या ओळीतून तुमच्या-माझ्या घरी पोचतो.

देशातला सुमारे 75 टक्के कोळसा कोल इंडिया ही सरकारी कंपनी आणि तिच्या उपकंपन्या काढतात. एवढ्या मोठ्या विक्रेत्यापुढं घासाघीस करायला जागा राहत नाही. आपल्या राज्याची वीज तयार करणारी महानिर्मिती कंपनी म्हणूनच भारतीय स्पर्धा आयोगाकडं, म्हणजे बाजारातली दादागिरी रोखणाऱ्या यंत्रणेकडं, गेली. पुरवठा कराराच्या अटी एकतर्फी, कोळशाचा नमुना तपासण्याच्या पद्धतीत खरेदीदाराला पुरेसा अधिकार नाही, अशा तक्रारी होत्या. डिसेंबर 2013 मध्ये आयोगानं बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून कोल इंडियाला 1,773 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. 2017 मध्ये आयोगानं पुन्हा दोषी ठरवलं, दंड मात्र 591 कोटींवर आणला. आम्हाला स्पर्धा कायदाच लागू नाही, हे कंपनीचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलं ते जून 2023 मध्ये! नुसतं ‘कायदा लागू आहे’ एवढं ठरायला पहिल्या आदेशापासून साडेनऊ वर्षं गेली.

तरीही स्पर्धा कायद्याच्या दंडाला वजन आहे. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत तो लावता येतो. आता वीज कायदा 2003 बघा. कलम 60 प्रमाणं वीज कंपनीनं बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केला तर विजेचे दर ठरवणारा वीज नियामक आयोग तिला निर्देश देऊ शकतो. ते मोडले तर कलम 142 खाली दंड किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये, आणि पुढं दररोज सहा हजारांपर्यंत.

जरा हिशेब करू. 250 मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर तासाला अडीच लाख युनिट वीज देतो. युनिटला चार रुपये धरले तरी तासाला दहा लाख झाले. म्हणजे वर्षभर आदेश धुडकावल्याचा जास्तीत जास्त दंड, सुमारे तेवीस लाख, संच सव्वादोन-अडीच तास चालला की वसूल! हा आकडा बदललाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. उलाढालीच्या प्रमाणात दंड हे तत्त्व वीज कायद्यातही यायला हवं.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. स्पर्धा कायद्याखाली वसूल झालेला दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, जमा होतो. ज्याच्या बिलातून पैसा गेला, त्या गिरणीवाल्याला त्यातला छदामही थेट मिळत नाही. मात्र त्याच कायद्याचं कलम 53-एन आहे. नुकसान झालेली कंपनी किंवा सरकार अपील न्यायाधिकरणाकडं भरपाई मागू शकतं. वीज कंपन्यांनी हा हक्क बजावावा, आणि जी भरपाई मिळेल ती दरात वळती करून ग्राहकाला द्यावी. आणि उद्या दंड वीज कंपनीलाच झाला, तर तो खर्च म्हणून दरात घुसवू देऊ नये.

हे विचारायची जागा आहे. दरवाढीचा अर्ज आला की कंपनीला वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, आणि आलेल्या हरकती-सूचनांचा विचार केल्याशिवाय वीज नियामक आयोगाला दर ठरवता येत नाहीत. हरकत घ्यायला वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहिलेलं पत्र चालतं. ग्रामपंचायतीनं, गिरणीवाल्यांनी, पाणीवापर संस्थेनं एकत्र बसून लिहावं. दोनच प्रश्न घाला: निकृष्ट कोळशापोटी तुम्ही किती भरपाई मागितली, आणि तुम्हाला झालेला कुठलाही दंड आमच्या दरात धरलाय का? लेखी उत्तर मागा, आणि पत्राची पोच जपून ठेवा.

नमस्कार.