तेराव्या मजल्याचा साचा

[पहाट. मोकळा स्लॅब. दूर द्रुतगती मार्गावरचे दिवे.]

रावेत. खाली पवना, पलीकडे मुंबईकडे निघालेल्या गाड्या. या स्लॅबखाली बारा मजले उभे राहिलेत. तेरावा आज सुरू होतोय.

[दोन माणसं दोरी ताणतात. मधे उचलून सोडतात. रेघ उमटते.]

सगळ्यात आधी रेघ. रंगात बुडवलेली दोरी दोघं दोन टोकांना धरतात, तिसरा मधे चिमटीत उचलून सोडतो. भिंत कुठे येणार ते इथे ठरतं. ही रेघ खालच्या मजल्यावरून मोजून मारत नाहीत. स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेल्या चौकोनी भोकांमधून अगदी तळाचे मूळ बिंदू वर आणले जातात. खालच्या भिंतीवरून मोजत गेलं आणि दर मजल्याला तीन मिलिमीटरची चूक एकाच बाजूला होत राहिली, तर तेराव्यावर ती चार सेंटिमीटरच्या घरात जाते. लिफ्टच्या खड्ड्यात ते लगेच दिसतं.

मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले की खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. नाही आले, तर रेघ पुसायची आणि पुन्हा मारायची. आम्ही होतो त्या सकाळी एका खोलीची रेघ तीनदा मारली गेली. कुणी कुरकुर केली नाही.

[स्लॅबमधल्या अरुंद खाचेतून पॅनल वर येतं. खालचे हात सोडतात, वरचे धरतात.]

हे बघा. ओलं काँक्रीट ज्यात ओततात, त्या साच्याचं एक पॅनल.

दोन फूट रुंद, आठ फूट उंच, वजन तीस किलोच्या आसपास. अॅल्युमिनियमचं असल्यामुळे एका माणसाला पेलतं. क्रेन लागत नाही. बाराव्या मजल्यावर काल सुटलेलं पॅनल आज या खाचेतून तेराव्यावर येतं, या हातातून त्या हातात. प्रत्येकावर रंगाने क्रमांक लिहिलाय: कुठली खोली, कुठली भिंत, डावीकडून कितवं. हे बेडरूमच्या कोपऱ्यातलं सातवं. पहिल्या मजल्यावरही ते त्याच कोपऱ्यात उभं होतं.

साइटवर याला सगळे मायवान म्हणतात. मुळात ते एका परदेशी कंपनीचं नाव. आता कुणीही बनवलेलं अॅल्युमिनियमचं शटरिंग, म्हणजे साचा, मायवानच. पूर्वी प्लायवूड, लाकडी बत्ते आणि खिळे असायचे. आठ-दहा मजल्यांत प्लायवूड फुगायचं, कडा तुटायच्या. अॅल्युमिनियमचा संच नीट वापरला तर दोनशेहून जास्त वेळा चालतो. नीट वापरला तर. खरवडणं, पुसणं, ऑइलचा पातळ हात मारणं, फेकून न देता खाली ठेवणं, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं.

[खरवडणीचा आवाज. ऑइलचा रोलर.]

नव्याकोऱ्या पॅनलचं वागणं वेगळं असतं. ओल्या सिमेंटमधली अल्कली अॅल्युमिनियमला लागते, हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. म्हणून पृष्ठभागावर आधी थर चढवून पॅनल तयार करून घ्यावं लागतं. मुकादमाच्या शब्दांत सांगायचं तर ते आधी मुरवावं लागतं.

[कोपरा. दोन पॅनल काटकोनात. हातोडी.]

सुरुवात नेहमी कोपऱ्यातून. एकटं पॅनल उभं राहत नाही, पडतं. दोन काटकोनात जोडली की एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. मग तिथून दोन्ही बाजूंना भिंत पुढे सरकते.

जोडायला बोल्ट नाही, नट नाही. एक पिन आणि एक पाचर. पॅनलच्या कडांची भोकं समोरासमोर आणायची, पिन घालायची, पिनेच्या फटीत पाचर वरून खाली ठोकायची. साधारण फूटभर अंतरावर एक, याप्रमाणे एका मजल्यावर हजारोंनी पाचरा बसतात. ठोक नीट बसला की आवाज बदलतो. या पोराला विचारलं की कसं कळतं. त्याने उत्तर दिलं नाही, पाचर ठोकून दाखवली.

[निवेदन थांबतं. फक्त हातोड्या.]

समोरच्या बाजूचं पॅनल लागायच्या आत भिंतीतलं सगळं जागेवर हवं. लोखंडाची जाळी, तिला साच्यापासून दूर ठेवणारे कव्हर ब्लॉक, दिव्याच्या बटणांच्या पेट्या, वायरींचे पाइप. नंतर विसरलेलं काही आत घालता येत नाही. दोन पॅनलच्या सांध्यात चपटी पट्टी, म्हणजे टाय बसते. ती समोरच्या पॅनलला धरून ठेवते आणि दोन्हींत बरोबर १६० मिलिमीटर अंतर राखते. टायवर प्लास्टिकची नळी चढवलेली असते, म्हणून काँक्रीट घट्ट झाल्यावरही ती ओढून काढता येते.

आता बाहेरची बाजू.

[इमारतीची कड. पट्टा बांधलेला माणूस. खाली नदी.]

आतल्या पॅनलला पाय ठेवायला स्लॅब आहे. बाहेरच्याला काय? बारा मजल्यांची हवा. त्यासाठी किकर. खालच्या मजल्याच्या काँक्रीटबरोबरच, बाहेरच्या कडेने वीतभर उंचीची ही पट्टी बोल्टने घट्ट बसवून ठेवतात. बाकी सगळा साचा सुटतो, किकर मात्र मागे राहतो. त्याच्या माथ्यावर वरचं पॅनल उभं राहतं. किकर एका जागी तिरका बसला, तर वरची सबंध भिंत तिरकी चढते. म्हणून टोळीतला सगळ्यात जुना माणूस इथे असतो. तो पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. सोळा वर्षं हेच करतोय.

हजेरीत त्याची नोंद लेबर म्हणून आहे आणि मजुरी चौरस मीटरवर. आम्ही दिवसभर त्याचे हात टिपले. ते कारागिराचे हात आहेत. त्यांना तसं म्हणावं आणि तसा मोबदला द्यावा, असं आम्हाला वाटतं.

[ओळंबा हळूहळू स्थिरावतो. माणूस श्वास धरून बघतो.]

ओळंबा. ही माणसं त्याला साहुल म्हणतात. त्याच्या दोरीचं पॅनलच्या वरच्या कडेपासूनचं अंतर आणि तळापासूनचं अंतर. वर पन्नास मिलिमीटर, तर खालीही पन्नास. फरक दिसला की तिरक्या आधाराचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा. पुन्हा ओळंबा स्थिर होईपर्यंत थांबायचं. गच्चीवर वारा आहे, ओळंबा झुलतो. ते थांबतात.

इतकी काळजी कशासाठी, तर ओलं काँक्रीट पाण्यासारखंच कडेला रेटतं, आणि पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड असतं. तीन मीटर उंच भिंत एका दमात भरली, तर तळाशी चौरस मीटरला सात टनांच्या आसपास दाब येतो. एक पाचर राहिली, तर ती कुठे राहिली ते साचा स्वतः फुगून दाखवतो. म्हणूनच काँक्रीट एका कोपऱ्यात ओतत नाहीत, खोलीभोवती फिरत थराथराने भरतात. भिंती झाल्या की लगेच स्लॅब. भिंत आणि छत एकसंध.

[संध्याकाळ. पंपाचा पाइप थरथरतो. व्हायब्रेटर.]

[दुसरा दिवस. सांध्यात पहार सरकते. पॅनल सुटतं. मागे करडी, गुळगुळीत भिंत.]

भिंतीचा साचा १६ ते २४ तासांनी सुटतो. छताचे टेकू मात्र राहतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, निदान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा.

या भिंतीला प्लास्टर नाही. राहायला येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ती फोडता येत नाही, दार सरकवता येत नाही, उन्हाळ्यात तापते, आणि टायची छिद्रं नीट बुजवली नसतील तर पावसात ओल तिथूनच येते.

[खाच. खालून पॅनल वर येतं. कोपऱ्यावरचा क्रमांक.]

बेडरूमच्या कोपऱ्यातलं सातवं. खरवडून, पुसून, ऑइल लावून. आता चौदाव्यावर. तिथे दोरी ताणून झाली आहे.

[हात. पॅनल. आकाश.]