डंपमध्ये काय जाणार, हे ठरवतं कोण?

[पडद्यावर: निळा स्क्रीन. खाली टक्क्यांचा आकडा चढतो आहे.]

हे टक्के कसले, असं आपण सहसा विचारत नाही. शंभर झाले की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि आपण, सेव्ह न केलेली एक्सेल शीट आठवून, कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडत पुन्हा लॉगिन करतो. पण तेवढ्या वेळात विंडोज एक शेवटचं काम उरकत असतं. क्रॅशच्या क्षणी मेमरीत जे होतं, ते डिस्कवर उतरवत असतं. हा झाला क्रॅश डंप, म्हणजे मशीननं स्वतःच स्वतःचा केलेला पंचनामा.

त्यात काय लिहायचं, याची सेटिंग आपल्याला दिलेली आहे. रन उघडून 'सिसडीएम डॉट सीपीएल' टाइप करा आणि अॅडव्हान्स्ड टॅबवर जा. तिथे तीन बटणं दिसतात, तिन्हींवर एकच नाव: सेटिंग्ज. त्यातलं तिसरं दाबलं की एक ड्रॉपडाऊन मिळतो. स्मॉल, कर्नल, कम्प्लीट, ऑटोमॅटिक, अॅक्टिव्ह, आणि अगदी वर 'नन'. कशात काय जातं, याबद्दल तिथे चकार शब्द नाही.

[पडद्यावर: ड्रॉपडाऊन उघडा. कर्सर एकेका पर्यायावर थांबतो.]

स्मॉल डंप ६४ बिट विंडोजवर साधारण २५६ केबीचा असतो. क्रॅशचा कोड, त्या वेळी लोड असलेल्या ड्रायव्हरांची (उपकरणं वगैरे चालवणाऱ्या प्रोग्रामांची) यादी, थोडा स्टॅक (चालू कामाचा माग), एवढाच ऐवज. बऱ्याचदा दोषी ड्रायव्हर ओळखायला तो पुरतो. कर्नल डंपमध्ये कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि ड्रायव्हर वापरत असलेली मेमरी येते. तुमचा ब्राउझर, तुमचं वर्ड यांची मेमरीतली पानं (मेमरीचे तुकडे) वगळली जातात. ऑटोमॅटिकमध्येही मजकूर कर्नल डंपचाच. फरक इतकाच, की पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली फाइल) किती मोठी ठेवायची हे विंडोज स्वतः ठरवतं. आणि कम्प्लीट म्हणजे खरोखरच सगळं. उघडी मेल, टाइप केलेला पासवर्ड, एन्क्रिप्शनची किल्ली, जे जे रॅममध्ये होतं ते.

हीच निवड रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'क्रॅश-कंट्रोल' नावाच्या की-खाली आकड्यांत दिसते. ० म्हणजे काही नाही, १ कम्प्लीट, २ कर्नल, ३ स्मॉल, ७ ऑटोमॅटिक. मधले ४, ५, ६ कुठे गेले, ते विचारू नका. अॅक्टिव्हसाठी वेगळा आकडाच नाही: १ तसाच ठेवून शेजारी 'फिल्टर-पेजेस' नावाची आणखी एक नोंद १ करायची.

आता प्रश्न असा, की कर्नलच कोसळलेलं असताना डिस्कवर लिहितं कोण? ही व्यवस्था विंडोजनं आधीच करून ठेवलेली असते. बूट होतानाच डिस्कच्या ड्रायव्हरची दुसरी प्रत मेमरीत चढवली जाते, नावाच्या पुढे 'डंप' जोडून. क्रॅश झाला की बाकीचे प्रोसेसर थांबतात, इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाका) बंद होतात, आणि ही दुसरी प्रत कामाला लागते. फाइल सिस्टिमवर आता भरवसा नाही, कारण कदाचित तीच बिघडलेली असेल. म्हणून पेजफाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे याचा नकाशा आधीच काढून ठेवलेला असतो आणि डंप थेट त्या जागांवर लिहिला जातो. पुढच्या बूटनंतर तिथून उचलून त्याची 'मेमरी डॉट डीएमपी' फाइल होते. डिस्क बिटलॉकरनं एन्क्रिप्ट केलेली असेल, तर वाटेत बिटलॉकरचा फिल्टर ड्रायव्हर बसतो आणि डंपही एन्क्रिप्ट होऊनच डिस्कवर जातो.

यावरून एक लक्षात येईल. एसएसडी वाचवायची म्हणून पेजफाइल बंद करा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकलात तर, डंपसाठी वेगळी फाइल नेमून दिलेली नसेल, तर डंपला जागाच उरत नाही. ड्रॉपडाऊनमध्ये मात्र 'कम्प्लीट' तसंच दिसत राहतं. मशीन दर आठवड्याला बंद पडतं आणि हाताला काहीच लागत नाही.

[पडद्यावर: विमानतळ, निळे पडलेले फलक.]

डंप हाताशी असला की काय होतं, हे १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक अपडेट सोडलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चूक होती कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरची. २० मूल्यं हातात असताना तो एकविसावं वाचायला गेला आणि भलत्याच पत्त्यावर पोचला. मायक्रोसॉफ्टनं नंतर जमा झालेले डंप उघडून तपासले, तेव्हा त्याच ड्रायव्हरचं नाव आणि ते चुकीचं वाचन त्यांत दिसलं. डंप बंदच ठेवा म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुलै २०२३ मध्ये उघड झालं, की स्टॉर्म-०५५८ हा चीनमधला हॅकर गट मायक्रोसॉफ्टच्या एका साइनिंग किल्लीच्या (डिजिटल सही करणाऱ्या गुप्त किल्लीच्या) जोरावर अमेरिकी सरकारी खात्यांच्या मेल वाचत होता. सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं खुलासा दिला. एप्रिल २०२१ मध्ये एक साइनिंग सिस्टिम क्रॅश झाली. अशी गुपितं डंपमधून गाळली जातात, पण त्या वेळी रेस कंडिशनमुळे (दोन कामांच्या वेळा चुकल्यानं होणाऱ्या गडबडीमुळे) किल्ली आत राहिली. तो डंप बंदिस्त नेटवर्कमधून निघून इंटरनेटला जोडलेल्या डीबगिंगच्या मशीनवर आला. पुढे मार्च २०२४ मध्ये त्यांनी त्याच खुलाशात भर घातली: किल्ली असलेला असा डंप आम्हाला सापडलेला नाही. म्हणजे ती किल्ली डंपमधूनच गेली, असं आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मला वाटतं, यातली खरी धास्तीची गोष्ट वेगळी आहे. हे घडलं असेल, हे जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला सहज शक्य वाटलं.

आणि तो ड्रॉपडाऊन ही पूर्ण कथा नाहीच. विंडोजमध्ये कुठलाही कर्नल ड्रायव्हर 'क्रॅश झाला की मलाही सांगा' अशी नोंदणी करू शकतो. मग तो स्वतःचा डेटा डंपला जोडू शकतो, मेमरीची जादा पानं त्यात घालायला सांगू शकतो. ग्राफिक्स किंवा नेटवर्कचा बिघाड शोधणाऱ्यांना याचा मोठा आधार असतो. वापरणाऱ्याला मात्र कोणत्या ड्रायव्हरनं काय जोडलं, याची यादी त्या खिडकीत कुठेही दिसत नाही. सेटिंग वापरणाऱ्याच्या हाती देणं म्हणतात ते इथे निम्मंच झालेलं आहे.

[पडद्यावर: कीबोर्ड. उजवी कंट्रोल दाबून धरलेली, दुसरं बोट स्क्रोल लॉकवर.]

नीट दिलेली सेटिंग कशी असते, त्याचा नमुना विंडोजच्या कीबोर्ड ड्रायव्हरमध्येच आहे. सर्व्हर गोठला, पण क्रॅश झाला नाही, तर डंप मिळणार कसा? यूएसबी कीबोर्डच्या ड्रायव्हरखाली रजिस्ट्रीत 'क्रॅश-ऑन-कंट्रोल-स्क्रोल' ही नोंद करून तिला १ द्यायचं आणि रीस्टार्ट करायचं. त्यानंतर उजवी कंट्रोल धरून स्क्रोल लॉक दोनदा दाबलं, की मशीन मुद्दाम कोसळतं आणि डंप लिहितं. मुळात ही सोय बंद असते, चालू करायला अॅडमिनचे अधिकार लागतात, आणि नाव वाचूनच काय होणार ते कळतं.

लिनक्सनं हाच प्रश्न वेगळ्या वाटेनं सोडवला. २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत केडंप ही क्रॅश डंपची सोय आली, आणि ती घडवण्यात आयबीएमच्या बंगळूरमधल्या इंजिनिअरांचा मोठा वाटा होता. बूट होतानाच थोडी मेमरी राखून ठेवायची, त्यात दुसरं छोटं कर्नल तयार ठेवायचं, आणि पहिलं पडलं की या ताज्या कर्नलनं डंप उचलायचा. डंपमधून काय गाळायचं, ते 'मेक-डंप-फाइल' या प्रोग्रामला एका आकड्यानं सांगतात. शून्यांनी भरलेली पानं १, कॅशची २ आणि ४, युजर प्रोग्रामची ८, मोकळी १६. सगळं गाळायचं तर बेरीज ३१. ही बेरीज ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी सोय उत्तम. बाकीचे कुठल्या तरी जुन्या सर्व्हरवरून ३१ कॉपी करतात. सुदैवानं तो आकडा सुरक्षित बाजूचा आहे.

लिनक्समध्ये वायफाय किंवा ग्राफिक्स कार्डचं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) कोसळलं, तर त्या एकट्या उपकरणाचा डंपही मिळतो. सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे) 'डेव्ह-कोअर-डंप' या नावाखाली तो थोडा वेळ थांबतो. कोणी वाचला नाही तर पाच मिनिटांनी कर्नल तो पुसून टाकतं. शेजारीच 'डिसेबल्ड' नावाची फाइल आहे. तिच्यात १ लिहिलं, की ही सोय बंद होते आणि रीबूट करेपर्यंत रूटला (सगळे अधिकार असलेल्या अॅडमिनला) सुद्धा परत चालू करता येत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, तसं कोडमधल्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय. नंतर मशीनमध्ये शिरलेल्यानं डंपच्या वाटेनं डेटा काढू नये, म्हणून.

फ्रीबीएसडी या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टिमनं १२.० पासून आणखी पुढची सोय दिली. डंप लिहितानाच एका तात्पुरत्या किल्लीनं एन्क्रिप्ट होतो, आणि ती किल्ली अॅडमिननं दिलेल्या पब्लिक किल्लीनं बंद होते. प्रायव्हेट किल्ली दुसऱ्या मशीनवर ठेवली, तर कोसळलेल्या सर्व्हरला स्वतःचाच डंप वाचता येत नाही.

[पडद्यावर: सपोर्टची मेल, 'कृपया संपूर्ण मेमरी डंप अपलोड करा'.]

व्हेंडरचा सपोर्ट अशी मेल पाठवतो, तेव्हा पुण्यातल्या असोत की न्यू जर्सीतल्या, बहुतेक टीम मागितलं ते देऊन मोकळ्या होतात. आधी मिनीडंप, म्हणजे तोच स्मॉल डंप, पाठवून बघा. 'विंडोज'च्या 'मिनीडंप' फोल्डरमध्ये तो तयारच असतो. त्यांचं समाधान झालं नाही, तर कर्नल डंप. कम्प्लीटच हवा म्हणाले, तर तो कुठे अपलोड होणार, कोण उघडणार आणि कधी पुसणार, याचं लेखी उत्तर मागा. आणि त्यासाठी सेटिंग १ वर नेली असेल, तर काम झाल्यावर पुन्हा ७ वर आणा. 'मेमरी डॉट डीएमपी' कित्येक जीबीची असते. ती सी ड्राइव्हवर तशीच पडून राहते आणि मशीन दुसऱ्याच्या हाती गेलं तर त्याच्याबरोबर जाते.