'आई, खाली!'

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव छापलंय 'ब्राझीलमधील नागरी जीवन आणि बालसंगोपन : एक तौलनिक चिंतन'. ते मी दिलेलं नाही. कार्यवाह काकांनी फोनवर विषय विचारला, मी म्हटलं पोरीला घेऊन ब्राझीलमध्ये हिंडलो त्याबद्दल बोलते, आणि छापून आलं ते हे. पण आलाच आहात, तर शेवटची दहा मिनिटं चिंतनाला ठेवू.

नवऱ्याला कामासाठी चार महिने साओ पावलोला पाठवलं होतं. आम्हीही मागोमाग गेलो. मुलगी तेव्हा तीन वर्षांची व्हायची होती. म्हणजे धड कडेवरची नाही, धड पायावरची नाही. हे वय ज्यांनी निभावलंय ते आत्ताच माना डोलवायला लागलेत. घरातून निघताना 'मी चालणार', कोपऱ्यावर 'उचलून घे', आणि उचललं की दोन मिनिटांत 'आई, खाली!'. चौदा किलोचा तो ऐवज दिवसातून चाळीस वेळा वर आणि चाळीस वेळा खाली.

त्या वर-खाली करण्यात मला शहरं मोजायचं एक माप सापडलं. तेच आज सांगायचंय. एखाद्या शहरात पोर कडेवरून खाली ठेवता येतं का आणि किती वेळ, एवढंच बघायचं. मग तिथला जीडीपी नको, मेट्रोचे किलोमीटर नकोत. मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, लिहून काढ. लिहिलं नाही, म्हणून तुम्हाला ऐकावं लागतंय.

आधी पोर कडेवर असतानाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटात गेले. एका हातात टोपली, दुसऱ्या कडेला ही. रांगेत उभी राहिले, आपण राहतो तशी. माझ्या पुढे ऐंशीच्या घरातल्या एक आजी. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि काहीतरी बोलल्या. मी हसले. परदेशात कळलं नाही की हसायचं, हा माझा नियम. त्या पुन्हा बोलल्या, जरा मोठ्यानं. मी आणखी हसले. मग त्यांनी माझं कोपर धरलं आणि मला रांगेतून बाहेर काढलं! मला वाटलं, चुकीच्या रांगेत आहे, आता हाकलणार. तर त्या मला नेतायत थेट काउंटरवर. मी 'नाही नाही, राहू दे' असा आपला मराठी नकार सुरू केला. तो आपल्याकडे तीनदा करायचा असतो, तिसऱ्यांदा मान्य करायचं. तिथे पहिल्याच नकाराला अख्खी रांग चिडली. एक माणूस मागून ओरडला, 'प्रेफेरेन्सियाल!' म्हणजे तुमचा पहिला मान आहे, तो घ्या आणि आमचा वेळ घालवू नका.

नंतर कळलं, हा कायदाच आहे. 2000 सालचा, क्रमांक 10048. साठीच्या वरचे, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, अपंग व्यक्ती आणि 'क्रिआन्सा जी कोलु' बरोबर असलेले, यांचं काम आधी. 'कोलु' म्हणजे मांडी, कूस, आपण धरतो ती सगळी जागा. थोडक्यात, कडेवरचं मूल! एखाद्या देशाच्या कायद्यात कडेवरचं मूल हा रीतसर वर्ग आहे, याचं मला फार कौतुक वाटलं. आणि गंमत बघा, त्या आजींचाही त्याच कायद्यानं पहिला मान होता. तरी त्यांनी मला पुढे ढकललं.

याच आजींचं दुसरं रूपही आहे. साओ पावलो समुद्रापासून साडेसातशे मीटर उंचावर, जूनमध्ये चांगलं गारठतं, भुरभुर पाऊस असतो. पोरीच्या पायात मोजे नसले की रस्त्यावरची कुठलीही बाई थांबून मला झापायची. ओळख ना पाळख. कानटोपी घाला म्हणणाऱ्या समस्त आत्या आणि मावश्या अटलांटिक ओलांडून माझ्या मागे आल्या की काय, असं वाटायचं.

भाषेचं, म्हणजे पोर्तुगीजचं म्हणाल तर पोरीनं ती माझ्याआधी शिकून घेतली. तिला अर्धी येतच होती. बटाटा तिथे बताता, काजू काजूच, चावी शावी, आणि पाव म्हणजे जरा नाकातून 'पाँव'. पोर्तुगीज आपल्याकडे जे सामान ठेवून गेले, ते तिथे रोज भेटतं. आपला 'आया' हा शब्दही त्यांचाच, पण ब्राझीलमध्ये आयाला म्हणतात 'बाबा'. आमची ही खेळाच्या बागेत 'बाबा, बाबा' ओरडली की तिचा बाबा वळायचा आणि त्याच्याबरोबर चार बायका वळायच्या. (हशा)

खाण्याचे हाल होतील म्हणून आईनं दोन किलो मेतकूट बांधून दिलं होतं. गरजच पडली नाही. तिथे दुपारी किलोवर जेवण मिळतं. ताटात हवं ते वाढून घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं, वजनाचे पैसे. आणि काय असतं? भात आणि घेवड्याची उसळ. रोज, गरिबाकडे आणि श्रीमंताकडे. नेहमीच्या साध्या गोष्टीला ते 'भात-घेवडा'च म्हणतात, आपण वरणभात म्हणतो तसं. संध्याकाळी चीजचे गोल पाव, 'पाँव जी केजू'. त्याचं पीठ ज्या कंदाचं, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. म्हणजे उपासाला चालायला हरकत नसावी. फक्त आत अंडं असतं, ते बघितलं नाही म्हणायचं.

(पहिली चिठ्ठी आली. वीस मिनिटं उरलीत म्हणे. काका, माझ्या घड्याळात तीस आहेत.)

आता रिओ. हे सांगितल्याशिवाय मी जाणार नाही.

कोपाकबानाचा किनारा सुमारे चार किलोमीटर, कडेनं काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांची नक्षी असलेला रुंद पदपथ. वाळूवर ठरावीक अंतरानं जीवरक्षकांचे मनोरे, 'पोस्तु', प्रत्येकाला नंबर. आम्ही चार नंबरजवळ बसलो होतो. रविवार, वाळूचा कण दिसणार नाही अशी गर्दी. पोरगी समोर खड्डा खणतेय. मी नवऱ्याला म्हणतेय, सनस्क्रीन कुठे ठेवलंस. तो म्हणतोय, तुझ्याच पिशवीत आहे. हा संवाद किती वेळ चालू शकतो ते संसारी माणसांना सांगायला नको.

तेवढ्यात लांबून टाळ्या ऐकू आल्या. तालात, टप टप टप टप. मग जवळच्या छत्र्यांखालचे लोक वाजवायला लागले. मला वाटलं, सूर्यास्त असेल, इथले लोक सूर्यास्ताला टाळ्या वाजवतात असं ऐकलं होतं. पण दुपारचे दोन! मग वाटलं सांबा असेल, कुणी नाचत असेल. सगळे वाजवतायत तर आपण कशाला मागे राहा, म्हणून मीही वाजवायला लागले. चांगली हसून, ताल धरून. नवऱ्यालाही म्हटलं, वाजव रे.

मग गर्दीतून एक उंच माणूस येताना दिसला. उघडा, खांद्यावर एक लहान मूल बसवलेलं, आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवतायत. मी म्हटलं, किती गोड मूल आहे. पिवळा फ्रॉक, हातात निळं फावडं.

निळं फावडं आमचं होतं.

मी समोर बघितलं. खड्डा होता, खणणारी नव्हती. माझे हात हवेत तसेच राहिले. मंडळी, स्वतःची पोर हरवल्याबद्दल मी टाळ्या वाजवत होते!

तिथली ती रीतच आहे. किनाऱ्यावर चुकलेलं मूल दिसलं की कुणीतरी त्याला खांद्यावर घेतं, लांबून दिसावं म्हणून, आणि आसपासचे टाळ्या वाजवायला लागतात. तो जिथे जिथे जातो तिथे टाळ्या जातात. टाळ्या ऐकू आल्या की आईबाप आपापली पोरं मोजतात. ज्याचं कमी भरलं तो धावतो. भोंगा नाही, माईक नाही. मी धावले, वाळूत पडले, उठले. त्या माणसानं तिला माझ्याकडे दिलं, टाळ्या एकदम वाढल्या आणि थांबल्या. सगळे आपापल्या नारळपाण्याकडे वळले. मला कुणी एका शब्दानंही बोललं नाही. मोज्यांवरून झापणाऱ्या बायका, पण पोर हरवल्यावर चूप! पोरगी मात्र त्या माणसाच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. चार महिन्यांत एवढ्या एकाच वेळी तिनं 'खाली' म्हटलं नाही.

(दुसरी चिठ्ठी. सात मिनिटं. सात वाजता हॉल तबल्याच्या क्लासला द्यायचाय.)

मग आता चिंतन, भरभर. खाली ठेवता येणं ही नशिबाची गोष्ट नाही, कुणीतरी ते घडवलेलं असतं. ब्राझीलमधल्याच कुरितीबा शहराचं उदाहरण घ्या. 1972 साली महापौर जैमी लेर्नेर, पेशानं वास्तुविशारद, यांनी भर बाजारातला रस्ता शुक्रवारी संध्याकाळी बंद केला आणि बहात्तर तासांत तो पायी चालणाऱ्यांचा करून टाकला. दुकानदारांना कोर्टात जायलाही वेळ मिळू नये म्हणून. मोटारवाल्यांनी धमकी दिली, गाड्या घालू. त्यांनी रस्ताभर कागद अंथरला आणि शेकडो मुलांना चित्रं काढायला बसवलं. मुलांवर गाडी कोण घालणार? त्याच रस्त्यावर जुन्या ट्रामचा एक डबा ठेवला, खरेदी होईपर्यंत पोरं त्यात खेळायला सोडायची. तो डबा अजून आहे, आता तिथे वाचनालय आहे. आपल्या अध्यक्षांनी नोंद घ्यावी.

साओ पावलोचा पावलिस्ता रस्ता, बँकांच्या मनोऱ्यांचा, 2015 पासून दर रविवारी गाड्यांना बंद. तिथे माझी पोर सलग दोन तास खाली होती, हा विक्रम. दुसरा विक्रम त्याच शहरातल्या सेस्क पोंपेया या केंद्रात. पिंपांचा जुना कारखाना, वास्तुविशारद लीना बो बार्दी यांनी न पाडता त्याचं सांस्कृतिक आणि खेळांचं केंद्र केलं, 1982 साली उघडलं. आत दिवाणखान्याच्या फरशीत पाण्याचा नागमोडी ओहोळ आहे, त्याला साओ फ्रान्सिस्को नदीचं नाव. पोरीनं अर्थातच बुटासकट पाय घातला. रखवालदारानं बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. बसमध्ये फिरकीचं फाटक असतं, लहान मुलं त्याच्या खालून सरपटत जातात, तिकीट नाही. 1988 च्या त्यांच्या घटनेत कलम 227 आहे. मुलांचे हक्क सर्वांच्या आधी, आणि ती जबाबदारी कुटुंबाची, समाजाची आणि शासनाची. त्यातला समाज म्हणजे मोजेवाली बाई.

पण एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती, चिठ्ठी आल्यावर नाही. त्याच रिओत जुलै 1993 मध्ये कांदेलारिया चर्चजवळ रात्री उघड्यावर झोपलेल्या मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आठजण गेले, बहुतेक अल्पवयीन. शिक्षा झाली ती पोलिसांतल्या माणसांना. बालहक्कांचा कायदा होऊन तीनच वर्षं झाली होती. आम्ही त्या चर्चवरून ट्रामनं गेलो. तिथे बाहेर छोटा क्रूस आहे. ती मुलं चोवीस तास खालीच होती, त्यांच्यासाठी कुणी रांग मोडली नव्हती. माझं माप इथे तोकडं पडतं, हे मला कळतं. त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

काका उठून उभे राहिलेत. मागून एक प्रश्न आलाय, बाबागाडी न्यावी का. ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात जाणार असाल तर नको. तिथल्या पेलोरिन्यो या जुन्या वस्तीतले गोटे आणि चढ, आमचं पुढचं चाक पहिल्याच गल्लीत गेलं. पुढे ती गाडी मी उचलली आणि पोर नवऱ्यानं. शहराचा खालचा आणि वरचा भाग जोडणारा लिफ्ट, एलेव्हादोर लासेर्दा, 1873 पासून आहे, तो वापरा. चढून गेल्यावर चवळीच्या पिठाचे वडे मिळतात, आकाराजे, लाल पामतेलात तळलेले. मुलांसाठी तिखट नको म्हणून आधीच सांगा. आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी. लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक परत येतानाही हाताशी ठेवा, मुंबईला उतरल्यावर मागतात.

एवढंच. टाळ्या वाजवणार असाल तर एक मिनिट थांबा. लेक आता दहा वर्षांची आहे, मघाशी दुसऱ्या रांगेत होती. आत्ता दिसत नाहीये.