कोणते जंगल आधी?

जगाच्या नकाशात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हिरवा पट्टा उष्णकटिबंधीय जंगलांचा आहे. जमिनीवरच्या निम्म्याहून अधिक जीवजाती या जंगलांच्या आश्रयाने राहतात, मात्र त्यांच्या संवर्धनासाठी मिळणारा पैसा, मनुष्यबळ आणि वेळ कधीच पुरेसा नसतो. त्यामुळे सगळीच जंगले टिकावीत असे मनापासून वाटणाऱ्यालाही कोणते जंगल आधी, याचे उत्तर द्यावेच लागते. ते दिले नाही, तर निवड टळत नाही. निधी सोयीच्या ठिकाणी वळतो आणि निकड असलेले जंगल मागे राहते.

या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी दिले. १९८८ मध्ये त्यांनी उष्णकटिबंधीय जंगलांचे दहा प्रदेश निवडले आणि त्यांना ‘हॉटस्पॉट’ म्हटले. पुढे २००० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या अशा पंचवीस प्रदेशांची यादी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. यादीत येण्यासाठी दोन अटी होत्या: जगात अन्यत्र कुठेही न आढळणाऱ्या किमान १,५०० वनस्पतींच्या जाती त्या प्रदेशात असाव्यात, आणि तिथले मूळ नैसर्गिक आच्छादन किमान ७० टक्के नष्ट झालेले असावे. या प्रदेशांत उरलेले नैसर्गिक क्षेत्र पृथ्वीवरील जमिनीच्या अवघे १.४ टक्के भरत होते. तरीही ४४ टक्के संवहनी वनस्पती (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या वनस्पती) आणि सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे प्राणी व उभयचर या चार गटांतल्या मिळून ३५ टक्के जाती केवळ याच प्रदेशांत आढळत होत्या. निधी देणाऱ्या संस्थांना ही मांडणी पटली, यात नवल नाही.

मात्र या निकषांत एक अडचण आहे. ७० टक्के हानीची अट घातली, की ॲमेझॉनचे खोरे आणि कांगोचे खोरे यादीबाहेर राहतात, कारण तिथले जंगल अजून मोठ्या प्रमाणावर शाबूत आहे. कांगो खोऱ्याच्या मध्यभागी, जंगलाने झाकलेल्या दलदलीत, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर साचलेले आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या थरांत सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठलेला आहे. ही दलदल कोरडी पडली, तर हजारो वर्षांत साचलेला हा कार्बन हवेत मिसळू लागेल, आणि तो परत जमिनीत साठवण्याचा कोणताही उपाय माणसाच्या आयुष्याच्या मापात बसणारा नाही. त्यामुळे मोठी, सलग जंगले मोडकळीला येण्याआधीच राखावीत, असे म्हणणारा दुसरा विचारप्रवाह आहे आणि त्याचे म्हणणे तितकेच रास्त आहे.

सलगता किती मोलाची असते, हे ब्राझीलमधील मनाउस शहराच्या उत्तरेला दिसते. तिथे १९७९ पासून जंगलाच्या एक, दहा आणि शंभर हेक्टरांच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. तुकड्याच्या कडेला ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो, माती सुकते, उंच जुनी झाडे उन्मळून पडतात आणि त्यांच्या जागी वेली व उघड्यावर वाढणारी झाडे माजतात. झुंडीने शिकार करणाऱ्या लष्करी मुंग्यांच्या रांगांमागे फिरून, त्यांच्यापुढे पळणारे किडे टिपणारे पक्षी लहान तुकड्यांतून थोड्याच काळात नाहीसे झाले. उपग्रहाच्या छायाचित्रात मात्र तो तुकडा हिरवाच दिसत राहतो. म्हणून केवळ वनाच्छादनाचे क्षेत्रफळ पाहून प्राधान्य ठरवणे धोक्याचे आहे.

जातींची नुसती संख्या मोजणेही तितकेच फसवे ठरते. समजा, पहिल्या जंगलात शंभर जाती आहेत, दुसऱ्यात नव्वद आहेत, पण त्यांतल्या पंच्याऐंशी पहिल्यातल्याच आहेत, आणि तिसऱ्यात चाळीसच आहेत, पण त्या बाकी दोन्हींत नाहीत. निधी दोनच जंगलांना पुरणार असेल, तर पहिल्याबरोबर दुसरे घेतल्यास एकूण १०५ जाती राखल्या जातील आणि तिसरे घेतल्यास १४०. संवर्धन नियोजनात या तत्त्वाला पूरकता म्हणतात. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे, कारण तिच्यामुळे जाती कमी पण वेगळ्या असलेल्या, विरळ, रुक्ष दिसणाऱ्या शुष्क पानझडी जंगलांनाही न्याय मिळतो.

मादागास्करने हे तत्त्व देशपातळीवर वापरून पाहिले. २००३ मध्ये या देशाने आपले संरक्षित क्षेत्र १७ लाख हेक्टरांवरून ६० लाख हेक्टरांवर नेण्याची घोषणा केली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी मुंग्या, फुलपाखरे, बेडूक, पाली, लेमूर (माकडांसारखे प्राणी) आणि वनस्पती या सहा गटांतल्या दोन हजारांहून अधिक जातींची माहिती एकत्र करून कोणत्या जागांना प्राधान्य द्यावे, याचे नकाशे तयार केले. त्यातून असे आढळले, की कोणत्याही एकाच गटाच्या आधारे जागा निवडल्या, तर बाकीच्या गटांतल्या अनेक जाती संरक्षणाबाहेर राहतात. लेमूर लोकांना आवडतात, पण केवळ लेमूरसाठी निवडलेल्या जंगलात मुंग्या आणि बेडूकही सुरक्षित राहतीलच, असे धरून चालता येत नाही.

यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही: आपण काहीच केले नाही, तर त्या जंगलाचे काय होईल? जगभरातली संरक्षित क्षेत्रे प्रामुख्याने उंच, चढणीच्या, रस्त्यांपासून आणि शहरांपासून दूर असलेल्या जमिनींवर आहेत. तिथे तशीही फारशी तोड झाली नसती. सखल, सुपीक, शेतीला योग्य जमिनीवरचे जंगल मात्र वेगाने जाते आणि नेमके तेच राखणे महाग व वादाचे असते. शिवाय तिथे माणसे राहतात. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये आदिवासींच्या मान्यताप्राप्त भूभागांत जंगलतोड आजूबाजूच्या क्षेत्रापेक्षा बरीच कमी आढळते, त्यामुळे रहिवाशांचे जमिनीवरील हक्क मान्य करणे ही गोष्ट प्राधान्याच्या आराखड्याबाहेर ठेवता येणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत २०३० पर्यंत जगातील ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले. हे उद्दिष्ट आवश्यक आहे, परंतु ते प्रामुख्याने क्षेत्रफळात मोजले जाते, आणि कुणाला नको असलेल्या डोंगरउतारांनीही क्षेत्रफळ भरून निघते. म्हणून प्रत्येक देशाने नव्या संरक्षित क्षेत्राचे हेक्टर जाहीर करताना तिथे आधीच्या दशकात किती जंगल तोडले गेले आणि अन्यत्र न आढळणाऱ्या कोणत्या जाती तिथे आहेत, या दोन गोष्टीही त्याच तक्त्यात द्यायला हव्यात.