जे डिला : केसभर मागे पडलेला ठोका

(पडदा काळा. फक्त ड्रम वाजतात.)

जरा ऐका. हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, सरळ चाललीय. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, मात्र केसभर आधी येतोय. आणि खालचा किक, पायाने वाजणारा मोठा ड्रम, येतो तोही, पण रेंगाळत, अंग सैल सोडून. तिघांची चाल तीन तऱ्हांची. तरीही लय सुटत नाही. उलट मान आपोआप डोलायला लागते.

ही चाल ज्याने हिप-हॉपला दिली त्याचं नाव जेम्स डेविट यान्सी. जग त्याला जे डिला म्हणतं.

(डेट्रॉइट. बैठी घरं, रुंद रस्ते.)

जन्म ७ फेब्रुवारी १९७४, डेट्रॉइट. लहानपण गेलं शहराच्या ईशान्येकडच्या कोनंट गार्डन्स या वस्तीत. आई मॉरीन ऑपेरा गायलेल्या, वडील जॅझमध्ये बास वाजवणारे. त्यामुळे घरात रेकॉर्ड्सना तोटा नव्हता. पर्शिंग हायस्कूलमध्ये टी-थ्री आणि बाटिन हे दोघे भेटले आणि पुढे तिघांचा 'स्लम व्हिलेज' हा हिप-हॉप गट झाला.

पण खरी शाळा भरली ती शेजारच्या एका घरात. अ‍ॅम्प फिडलर हे कीबोर्ड वादक त्याच वस्तीत राहायचे. पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक गटासोबत वाजवलेला माणूस, आणि घरात अकाई कंपनीची एमपीसी, म्हणजे आवाज साठवून बोटांनी ताल रचायचं यंत्र. त्यांनी या लाजऱ्या पोराला त्या यंत्रासमोर बसवलं. नंतर 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या गटाचा रॅपर क्यू-टिप याच्याशी त्याची गाठही त्यांनीच घालून दिली. डिलाबद्दल बोलताना फिडलर यांचं नाव मागे राहतं. ते राहू नये असं मला मनापासून वाटतं.

(एमपीसीचा क्लोज-अप. पॅडवर बोटं.)

हे यंत्र नीट बघा. १६ रबरी पॅड. प्रत्येकात एक आवाज भरायचा. जुन्या रेकॉर्डवरचा ड्रमचा एक ठोका, गिटारचा एक तुकडा, कुणाचा तरी श्वास. मग बोटांनी वाजवायचं. बोट थोडं पुढे-मागे पडलं, तर यंत्र तो ठोका उचलून नेमक्या मात्रेवर बसवून देतं. या सोयीला क्वांटाइझ म्हणतात.

डिलाने ही सोय बंद केली आणि क्रांती झाली, अशी गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती अर्धवट आहे, आणि त्यात त्याचं कष्टाचं काम झाकलं जातं. तो नुसता सैल हाताने वाजवत नव्हता. एक आवाज नेमका मात्रेवर ठेवायचा, दुसरा जाणूनबुजून किंचित पुढे सरकवायचा, तिसरा मागे ओढायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, हात डगमगला. पण ती डगमग त्याने मोजून बसवलेली असायची.

१९९५ साली द फारसाइड या हिप-हॉप गटाचं 'रनिन' हे गाणं आलं. त्याचा बीट डिलाचा. त्यातली गिटार ऐका. स्टॅन गेट्झ आणि लुईस बोन्फा यांच्या बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझिलियन धाटणीच्या, रेकॉर्डमधला एक छोटासा तुकडा, फिरून फिरून येणारा. खाली ड्रम जड, वर गिटार हलकी. डिलाचं वय होतं जेमतेम एकवीस.

पुढची दहा वर्षं कामाचा नुसता धडाका. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, रॅपर कॉमन, गायिका एरिका बाडू, अशा अनेकांसाठी. द रूट्स या हिप-हॉप गटाचा ड्रमर क्वेस्टलव्ह घड्याळासारखा अचूक वाजवणारा. डिलाला ऐकून तो जाणूनबुजून रेंगाळत वाजवायला शिकला. गायक डी'अँजेलोच्या २०००च्या 'वूडू' अल्बममध्ये ते ड्रम ऐकू येतात. यंत्राने माणसाची नक्कल करावी हे आपण समजू शकतो. इथे माणूस यंत्रामागच्या माणसाची नक्कल करत होता!

(रुग्णालयाचा कॉरिडॉर. रिकामा.)

मग आजार आला. टीटीपी नावाचा रक्ताचा दुर्मीळ विकार, जोडीला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणारा आजार. पुढे डिला लॉस एंजेलिसला राहायला गेला. रुग्णालयाच्या वाऱ्या वाढल्या, तरी काम थांबलं नाही. रुग्णालयातल्या खाटेवरही छोटा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, आणि रेकॉर्ड प्लेअर सोबत असायचा. बोटं सुजायची, दुखायची. मॉरीन उशाशी बसून ती बोटं चोळून द्यायच्या. थोडी सैल झाली की तो पुन्हा कामाला लागायचा.

२००५च्या अखेरीस तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. रंगमंचावर व्हीलचेअरमध्ये बसून त्याने रॅप केलं.

७ फेब्रुवारी २००६. बत्तिसावा वाढदिवस. त्याच दिवशी त्याचा 'डोनट्स' हा अल्बम प्रकाशित झाला. ३१ छोटे तुकडे, बहुतेक दीड मिनिटाच्या आतबाहेर. रॅपर कुणीच नाही. बोलतात ते जुन्या रेकॉर्ड्समधले कापलेले आवाज. पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो', म्हणजे समारोप. शेवटच्याचं 'वेलकम टू द शो'. अल्बम संपतो तिथूनच सुरू होतो.

तीन दिवसांनी, १० फेब्रुवारीला, डिला गेला.

(वॉशिंग्टन. संग्रहालयातली काचेची पेटी.)

मॉरीन यांना सगळे 'मा ड्यूक्स' म्हणतात. मुलाची एमपीसी त्यांनी स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयाला दिली. तिच्यापुढे उभं राहिलं की छान वाटतं आणि पोटात तुटतंही. पॅड आता शांत आहेत.

(तालमीची खोली. एक तरुण ड्रमर.)

आता इथे बघा. जॅझ शिकणारी ही मुलगी डिलाचा एक बीट हाताने वाजवायचा प्रयत्न करते आहे. उजवा हात हाय-हॅटवर, सरळ. डावा स्नेअरवर, किंचित घाईत. पाय मात्र तिला मागे ठेवायचा आहे, आणि तो राहत नाही. सवयीने मात्रेवरच पडतो. ती थांबते. मान हलवते. पायाची जागा बदलून पुन्हा मोजायला लागते.

एक, दोन, तीन...