रिकॉलचे पत्र आणि जुनी निष्ठा

श्रोतेहो, नमस्कार.

एकाच कंपनीची गाडी पुन्हा पुन्हा घेणारी माणसे आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतात. मीही त्यांतलाच. पहिली गाडी चांगली निघाली म्हणून दुसरी त्याच कंपनीची घेतली, आणि तिसरी घेताना तर इतर कंपन्यांच्या शोरूममध्ये डोकावण्याचीही तसदी घेतली नाही. अशा माणसाला एके दिवशी कंपनीचेच पत्र येते की, आपल्या मॉडेलच्या गाड्यांमधील अमुक एका भागात सुरक्षेच्या दृष्टीने दोष आढळला असून तो विनामूल्य बदलून घ्यावा. मलाही असे पत्र आले. मी ते वाचले आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवून दिले. तिथे ते चार महिने पडून होते. आपली गाडी ठणठणीत आहे, दोष असलाच तर तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत असेल, असे मी धरून चाललो होतो. कंपनीवर इतका विश्वास की, खुद्द कंपनीने धोक्याची सूचना दिली तरी ती खरी वाटेना!

याच्या उलट वागणारेही असतात. रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची, बातमी कानावर पडताच ते गाडी विकायला काढतात आणि पुन्हा त्या कंपनीचे नाव घेत नाहीत. त्यांचा संताप मला समजतो. पण कंपनी बदलली म्हणजे धोका टळला, असे नेहमी होत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण घ्या. एअरबॅग फुगवण्यासाठी तिच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट हे रसायन वापरलेले होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसल्यावर हे रसायन बिघडे, अपघाताच्या क्षणी प्रमाणाबाहेर जोराने पेट घेई, आणि मग इन्फ्लेटरचे धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या अंगात घुसत. एकट्या अमेरिकेत असे सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले. होंडा, टोयोटा, फोर्ड, बीएमडब्ल्यू अशा कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत ते बसवलेले होते. बोनेटवरचे बोधचिन्ह वेगळे असले, तरी स्टिअरिंगच्या आत दडलेला भाग एकाच पुरवठादाराकडून आलेला होता. रागाने एक कंपनी सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाच्या नव्या गाडीतही तो असू शकत होता.

म्हणून रिकॉल झाला एवढ्यावरून मी कुठल्याही कंपनीला नापास करणार नाही. हजारो सुटे भाग जोडून तयार होणाऱ्या यंत्रात चूक होणारच. मी पाहतो त्या दोन तारखा: कंपनीला दोष कधी कळला आणि तिने तो ग्राहकाला कधी सांगितला. या दोहोंमध्ये किती अंतर पडले, यावर माझी निष्ठा टिकायची की नाही, ते ठरते.

टोयोटाचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. 2009 आणि 2010 या वर्षांत तिच्या गाड्यांबाबत दोन वेगळ्या तक्रारी पुढे आल्या. काही गाड्यांत ॲक्सिलरेटरचे पेडल पायाखालच्या मॅटमध्ये अडकत होते, तर काहींत पेडलच्या यंत्रणेतले एकमेकांवर घासणारे भाग झिजल्यामुळे आणि त्यांवर ओल धरल्यामुळे दाबलेले पेडल सावकाश वर येई किंवा दाबलेलेच राही. दुसऱ्या दोषावरची दुरुस्ती पाहिली तर नवल वाटते: पेडलच्या यंत्रणेत पोलादाची एक छोटी पट्टी सरकवायची, म्हणजे घासणाऱ्या भागांत पुरेशी फट राहते. एवढ्याशा पट्टीसाठी जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेत सुमारे 23 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि आठ मॉडेलांची विक्री काही काळ थांबवावी लागली. परंतु माझ्या मते खरी गोष्ट आहे ती तारखांची. याच पेडलच्या दुरुस्तीच्या सूचना कंपनीने युरोपातील 31 देशांतील आणि कॅनडातील आपल्या वितरकांना 29 सप्टेंबर 2009 रोजीच पाठवल्या होत्या. अमेरिकेच्या कायद्यानुसार असा दोष कळल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत सरकारला कळवावे लागते. तिथे मात्र जवळजवळ चार महिने गेले. या विलंबाबद्दल कंपनीला 1 कोटी 64 लाख डॉलर दंड झाला. पुढे 2014 मध्ये, ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून झालेल्या समझोत्यात तिने 120 कोटी डॉलर भरले. कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोडा यांनी फेब्रुवारी 2010 मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे माफी मागितली आणि कंपनी फार वेगाने वाढत गेल्याचे कबूल केले. त्यानंतर 2012 मध्ये टोयोटा विक्रीत पुन्हा जगात पहिल्या क्रमांकावर आली, म्हणजे ग्राहक परतले. मी त्यांना भोळे म्हणणार नाही. अनेकांनी वर्षानुवर्षांचा स्वतःचा अनुभव त्या चार महिन्यांसमोर तोलून पाहिला असणार.

जनरल मोटर्सचे प्रकरण मात्र मला इतक्या सहज सोडून देता येत नाही. तिथे दोष इग्निशन स्विचमध्ये होता. चावीला जड जुडगा लटकत असला, किंवा गाडीला हादरा बसला, तर चालत्या गाडीत चावी आपोआप फिरून इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसे. दुरुस्ती होईपर्यंत किल्ल्यांचा जुडगा काढून नुसती चावी लावा, असे कंपनीला मालकांना सांगावे लागले. या स्विचच्या तक्रारी कंपनीच्या अभियंत्यांना दहा वर्षांहून अधिक काळ माहीत होत्या. मधल्या काळात स्विचची रचना सुधारलीही गेली, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवल्यामुळे जुना स्विच कोणता आणि नवा कोणता, हे पुढे तपास करणाऱ्यांना उमगेना. रिकॉल झाला तो 2014 मध्ये. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने या दोषाशी निगडित 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. दहा वर्षांचे हे अंतर कुठल्या निष्ठेने भरून काढायचे?

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1980 च्या दशकात ऑडी 5000 ही गाडी आपोआप सुसाट सुटते, असा अमेरिकेत बोभाटा झाला. 1989 मध्ये सरकारी तपासाचा निष्कर्ष आला की, बहुतेक प्रसंगी चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. पेडलांची मांडणी आणि इंजिनाच्या किरकोळ कुरबुरी या गोष्टी त्या चुकीला हातभार लावत होत्या. तोवर ग्राहक निघून गेले होते. 1985 मध्ये तिथे 74 हजारांहून अधिक ऑडी विकल्या गेल्या होत्या. 1991 मध्ये जेमतेम 12 हजार. जे थोडे लोक त्या वर्षांत ऑडीला धरून राहिले, त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेड्यात काढले असेल, पण त्यांचा अंदाज पुष्कळसा बरोबर होता.

आता पुन्हा माझ्या पत्राकडे येतो. चार महिन्यांनी, खणात दुसरेच काही शोधताना ते हाती लागले आणि थोडे ओशाळून मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी चेसिस क्रमांक विचारला, माझी गाडी यादीत असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. काम तासाभरात झाले. काढलेला भाग पाहायला मिळेल का, असे विचारल्यावर मेकॅनिकने तो कापडाने पुसून माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटाने एक जागा दाखवली. मला आधी काहीच दिसले नाही. मग तो उजेडाकडे धरून तिरका केला, तेव्हा केसासारखी एक चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दिसली.